पान नंबर सत्तावीस

आईचं पुस्तक संपत आलं की ती हळू वाचायला लागते. बरणीतलं लोणचं तळाला गेलं की आपण फोड न घेता नुसता खार बोटाला लावतो ना, तसं. शेवटची तीस-चाळीस पानं ती चार-चार दिवस पुरवते. मग शुक्रवारी रात्री, मी टीव्ही बंद करून उठलो की माझ्याकडे न बघता विचारते, ‘‘उद्या शनिवार ना रे?’’

उद्या शनिवार आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. माझ्या मात्र पोटात खड्डा पडतो. ऑफिसच्या ऑडिटला मी इतका घाबरत नाही. ऑडिटरला काय हवंय ते तो निदान लिहून देतो.

आईचं वय ७९. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत आणि तेव्हापासून तिच्या वाचनाला नवा जोम आलाय. तिला काय आवडतं, हे विचारण्यात अर्थ नाही. ‘‘काहीही चालेल रे, मी काय, काहीही वाचते,’’ हे तिचं ठरलेलं उत्तर. या ‘काहीही’वर भरवसा ठेवून मी पहिल्या वर्षी बावीस पुस्तकं आणली, त्यातली सतरा तिने पन्नास पानांच्या आत मिटली. तिला काय नको हे त्या सतरांवरून मला कळत गेलं. पुस्तकात कुत्रं असलं तर मरायला नको. माणसं मेली तर चालतात, पण हळूहळू नकोत. रडारड नको. पण म्हणून सगळेच चांगले वागतात असंही नको, ‘‘तसं कुठे असतं का?’’ प्रवासवर्णन चालेल, पण लेखकाने तिथे काय खाल्लं ते सांगावं, इमारतींची उंची सांगत बसू नये. आत्मचरित्रातलं बालपण तीस पानांत आटपावं. सासू वाईट दाखवलेली नको. सून वाईट दाखवलेली चालते. (हे तिने उघड कधी कबूल केलेलं नाही. हा माझा अभ्यास.)

आणि पुस्तक जड नको.

जड म्हणजे विषयाने नव्हे, वजनाने. ती दुपारी आडवी होऊन, दोन्ही हातांनी पुस्तक तोंडावर धरून वाचते. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने आठशे पानी, पुठ्ठाबांधणीची ऐतिहासिक कादंबरी आणली. तिसऱ्या दिवशी ऐन लढाईत आईचा डोळा लागला आणि पुस्तक नाकावर आदळलं. चष्म्याची काडी गेली, नाक दोन दिवस जांभळं होतं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगत होती, ‘‘याने आणलं.’’ तेव्हापासून घरी आलेलं पुस्तक आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जातं. चारशे ग्रॅमपर्यंत चालतं. साडेचारशेला ती बसून वाचायला तयार होते, पण मग लेखकात तेवढा दम पाहिजे.

आता ही मापं घेऊन लायब्ररीत काय मागणार? नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. ज्या गावात पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ लोक पुस्तकं बदलायला पिशव्या घेऊन निघतायत, तिथे मी हा प्रश्न पडलेला पहिला मुलगा नसणार. आमची लायब्ररी मात्र कॉलनीतली, छोटी, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. पुस्तकं पांढरी फटक दिसतात ती वयाने की पिठाने, हे सांगता येत नाही. कपाटांवर आकडे घातलेत. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन माणसाने १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं, त्यात आपलं मराठी साहित्य ८९१.४६ला आलं. एवढ्या मोठ्या डोक्याच्या माणसाने दशांश चिन्हापर्यंत विचार केला, पण ‘कुत्रं मरतं’ आणि ‘कुत्रं मरत नाही’ असे दोन साधे खण काही केले नाहीत.

काउंटरवरच्या ताई ग्रंथपालनाचा कोर्स केलेल्या आहेत. एकदा मी अगदी रडकुंडीला आलो तेव्हा त्यांनी मला रंगनाथन यांचे पाच नियम सांगितले. हे रंगनाथन मुळात मद्रासचे गणिताचे प्राध्यापक, पुढे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ‘‘म्हणजे काका, तुमच्या आईंचं पुस्तक इथेच कुठेतरी आहे,’’ ताई म्हणाल्या आणि हाताने सगळी लायब्ररी दाखवली. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असा आहे म्हणे. वाचकाच्या मुलाबद्दल त्यात काही नाही. रंगनाथनांना आमची आई भेटती, तर ते गणितात परत गेले असते.

मग मुलगी मदतीला आली. तिने मोबाईलला विचारलं. आजीच्या सगळ्या अटी तिने भराभर टाइप केल्या, वजनासकट, आणि अर्ध्या मिनिटात उत्तर हजर. एका कादंबरीचं नाव, लेखिकेचं नाव, वर ‘तुमच्या आजींना ही नक्की आवडेल’ असं आश्वासन. ‘नाशिकच्या पार्श्वभूमीवरची हलकीफुलकी कौटुंबिक कथा, कुत्रा शेवटपर्यंत जिवंत राहतो.’ मी भारावून गेलो. इंदिरानगरच्या बोगद्यात पस्तीस मिनिटं अडकून कॉलेज रोडला गेलो. दुकानातल्या मुलाने नाव कॉम्प्युटरवर टाकलं, परत टाकलं, मालकांना विचारलं. मालकांनी चष्मा कपाळावर घेऊन नाव मनातल्या मनात दोनदा म्हटलं आणि म्हणाले, ‘‘आवृत्ती संपली.’’ मी आणखी दोन दुकानांत विचारलं. तिसऱ्या दुकानातल्या बाई स्पष्टवक्त्या निघाल्या. असं पुस्तक नाही, अशी लेखिका नाही, आणि या आठवड्यात असं विचारणारे तुम्ही दुसरे, म्हणाल्या. पहिल्या दुकानाच्या मालकांबद्दल मला अजूनही आदर वाटतो. जन्मालाच न आलेल्या पुस्तकाची आवृत्ती संपवायला धंद्यात मुरावं लागतं.

आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘नसलं म्हणून काय झालं? गोष्ट चांगली वाटतेय.’’

खरं तर सगळ्यात सोपी सोय आमच्या सोसायटीतच होती. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९पासून नाशिकहून सुरू झाली. पुस्तकांची पेटी लोकांपर्यंत जाते, वाचून झाली की दुसऱ्या पेटीशी अदलाबदल होते. आमच्याकडेही पेटी आली होती, २५ पुस्तकांची. पण ती ठेवली बी विंगच्या काकूंकडे, आणि बी विंगच्या काकूंशी आई अकरा वर्षं बोलत नाही. गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या आणि काकूंनी वाऱ्याच्या बाजूला उभं राहून गादी झटकली, एवढंच झालं होतं. काकूंचं म्हणणं, गादी आधीपासून तिथे होती. या प्रकरणाचा निकाल लागलेला नाही. साहजिकच आई म्हणाली, ‘‘मला नकोत त्यांच्याकडची पुस्तकं. धूळ असेल.’’

तर अशा हलाखीत असताना मला कांदा सापडला.

त्याआधी आईचं टिंब सांगायला हवं. लायब्ररीची पुस्तकं वाचणाऱ्या जुन्या मंडळींना हे सांगायची गरज नाही. वय झालं की पुस्तक वाचलंय की नाही तेच आठवत नाही. साठ पानं वाचल्यावर लक्षात येतं, अरे, हा तर पुढे दुबईला जातो. म्हणून मग खूण. आई प्रत्येक पुस्तकाच्या सत्ताविसाव्या पानावर, खाली आकड्याशेजारी, पेन्सिलीने बारीक टिंब देते. सत्तावीसच का, तर तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, जन्म २७ फेब्रुवारीचा. आता त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो. नाशिककर बाईला एवढी निष्ठा पुरे. लायब्ररीच्या पुस्तकावर लिहू नये, असा शिक्का पहिल्याच पानावर आहे हे मी तिला दाखवलं. ‘‘लिहिलंय कुठे? टिंब दिलंय,’’ ती म्हणाली.

एकदा असाच एका वाचून झालेल्या पुस्तकाचं वजन करत होतो. हे तिला भलतंच आवडलं होतं. तीन दिवसांत संपवलं आणि जेवताना दोनदा आपणहून त्याबद्दल बोलली, म्हणजे आमच्याकडे ज्ञानपीठ मिळाल्यासारखंच. म्हटलं, वजन टिपून ठेवावं. पानं फडफडली आणि एकविसाव्या पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने काढलेला इवलासा कांदा दिसला. खाली फुगीर, वर शेंडी, मध्ये दोन-तीन उभ्या रेघा. कुणीतरी नीट, प्रेमाने काढला होता. लासलगाव जवळ असल्याने मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी लायब्ररीत गेलो आणि कपाटासमोर उभं राहून एकेक पुस्तक काढायचं, एकविसावं पान बघायचं, परत ठेवायचं, असं सुरू केलं. अकराव्या पुस्तकात कांदा होता. नेलं. आईला आवडलं. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी एक. आवडलं. त्यात एक कुत्रंही होतं, म्हातारं, खोकणारं. माझा जीव टांगणीला लागला होता, पण शेवटच्या पानापर्यंत ते टिकलं. आठ आठवडे, आठ कांदे, आठही पुस्तकं शेवटपर्यंत. ताई मला म्हणाल्या, ‘‘काका, हल्ली फार पटकन निवडता तुम्ही.’’ मी नुसता हसलो. धंद्याचं गुपित कोण सांगतं?

आईला मात्र सांगावं लागलं. तिला त्या कांदेवाल्याबद्दल फार कुतूहल वाटायला लागलं. ‘‘निवृत्त प्राचार्य असणार,’’ तिने निदान केलं. ‘‘बायको गेलेली असेल. पुरुषच आहे. बायका पुस्तकात असल्या खुणा करत नाहीत.’’ हे बोलताना तिच्या हातात पेन्सिल होती. पुढे पुढे ती पुस्तक वाचताना मध्येच थांबून म्हणायची, ‘‘हे त्यांना आवडलं असणार बघ.’’ एका पुस्तकात सून फार वाईट होती. ‘‘माणूस समजूतदार आहे,’’ आई म्हणाली.

नवव्या शनिवारी लायब्ररीत पोचलो तर काउंटरवर बी विंगच्या काकू. आमच्या घराण्याचं त्यांच्याशी वैर असलं, तरी लिफ्टमध्ये मी ‘‘कशा आहात?’’ एवढं म्हणतो. त्यांचं लक्ष नव्हतं. पुस्तक परत करता करता त्यांनी पर्समधून पेन्सिलीचा तुकडा काढला, पान उघडलं आणि जिभेचं टोक किंचित बाहेर काढून, अगदी रांगोळीचा ठिपका जोडावा तसं काहीतरी रेखाटलं. मी मान लांब करून बघितलं. खाली फुगीर. वर शेंडी.

‘‘काकू,’’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘हा कांदा तुमचा?’’

‘‘कांदा?’’ काकू दुखावल्या. ‘‘मोदक आहे तो! एकविसाव्या पानावर कांदा कशाला काढीन मी? कळ्या दिसत नाहीत का तुला?’’

आता बघितलं तर कळ्या होत्या. आठ आठवडे मी मोदकाच्या कळ्यांना कांद्याच्या रेघा समजत होतो.

काकू ताईंकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘ते सत्तावीस पानावर टिंब असलेलं नवीन काही आलंय का गं? कोण माणूस आहे कोण जाणे, पण आवड अगदी माझ्यासारखी. मी तर हल्ली टिंब बघूनच नेते.’’

ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि रजिस्टरमध्ये तोंड घातलं. त्यांचे खांदे हलत होते. बाईंना सगळं ठाऊक होतं. महिनोन्‌महिने त्या एकाच पुस्तकात टिंब आणि मोदक दोन्ही बघत आल्या होत्या आणि रंगनाथन यांचे नियम सांगत होत्या.

मी कपाटाकडे गेलो. अर्ध्या तासात लक्षात आलं की लायब्ररीत जिथे जिथे मोदक आहे तिथे आता टिंबही आहे, आणि जिथे टिंब आहे तिथे मोदक. कपाटाच्या दुसऱ्या टोकाला काकू तेच करत होत्या. आम्ही दोघं मध्ये, आत्मचरित्रांपाशी भेटलो. दोघांच्या हातात काही नव्हतं. शेवटी काहीतरी न्यायचं म्हणून मी खूण नसलेलं एक पुस्तक उचललं. वजन अंदाजे साडेतीनशे.

घरी आईने आधी एकविसावं पान उघडलं. कोरं. चष्मा पुसून परत बघितलं.

‘‘त्यांचं नवीन काही नाही का रे?’’

‘‘नाही ना. त्यांनाही हल्ली काही मिळत नाहीये.’’

आईने पुस्तक खाली ठेवलं. ‘‘तुला काय ठाऊक?’’

मी इंदिरानगरच्या बोगद्यातल्या ट्रॅफिकबद्दल बोलायला लागलो. आमची लायब्ररी घरापासून चालत चार मिनिटांवर आहे, हे आईला आठवायला तेवढाच वेळ लागला.