चषक लवादात गेला म्हणून हसणाऱ्यांना

परवा म्हापशाहून मामेभावाचा फोन आला. चतुर्थीसाठी पाठवलेले पैसे पोचले, आईच्या गुडघ्याचं औषध बदललं, हे सगळं बोलून झालं आणि मग गाडी फुटबॉलवर आली. त्याच्या मित्रांत सध्या एक खेळ चाललाय म्हणे. गोव्यातल्या कुठल्या क्लबाने कुठल्या क्लबावर काय दावा ठोकावा, ते सुचवायचं. धेंपोने साळगावकरवर, की १९९९ सालचा तुमचा गोल ऑफसाईड होता, व्याजासकट परत करा. स्पोर्टिंगने वास्कोवर, की तुमच्या गोलकीपरची सावली आमच्या हाफमध्ये पडते. एकाने तर पावसालाच प्रतिवादी केलं. मीही पोट धरून हसले. पण फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "तुमचं बरं आहे ताई, इंग्लंडात मॅच मैदानात ठरते. आमच्याकडे वकील गोल मारतात."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रात्रपाळीला खोकी लावतानाही मी मनात त्याच्याशी भांडत असते.

हे सगळे विनोद कुठून आले ते माहीत असलेलं बरं. २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेत, शेवटच्या दिवशी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण झाले आणि वाराणसीच्या इंटर काशीचे ३९. पण जानेवारीत नामधारी क्लबाने काशीविरुद्ध एक सामना जिंकला होता, आणि त्यात नामधारीने पिवळ्या कार्डांमुळे बंदी असलेला खेळाडू उतरवल्याची तक्रार होती. भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्त समितीने त्या सामन्याचे गुण काशीला दिले, अपील समितीने ते काढून घेतले. दुसरीकडे काशीच्याच एका खेळाडूच्या फेरनोंदणीवरून त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या होत्या. महासंघाने एप्रिलमध्ये चर्चिलला विजेता ठरवून चषक हातात दिला, त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाची स्थगिती आली, आणि जुलैत लवादाने सांगितलं की विजेता इंटर काशी.

मी धेंपोची आहे. आमचं घर डिचोलीचं, बाबांचा ट्रक खाणीवर चालायचा, आणि चर्चिल हरलं की आमच्या घरी त्या रात्री दोन घास जास्त जायचे. तरीही चषक गेला तेव्हा मला वाईट वाटलं. तो गोव्याचा चषक होता. म्हणून विनोदांवरचं हसू ओसरल्यावर वाटलं, आपलंच जळतंय आणि आपणच शेकत बसलोय.

आता इंग्लंडचं. मैदानात ठरतं म्हणे! २००७ मध्ये वेस्ट हॅम प्रीमियर लीगमध्ये टिकलं ते तेवेझच्या गोलवर, आणि शेफील्ड युनायटेड खालच्या विभागात गेलं. तेवेझच्या करारात नियमभंग झाल्याबद्दल वेस्ट हॅमला आधीच ५५ लाख पौंड दंड झाला होता. शेफील्डने पिच्छा सोडला नाही, २००९ मध्ये तडजोड होऊन भरपाई घेतलीच. २०१९ मध्ये दुसऱ्या स्तरावरच्या लीगमध्ये डर्बी सहावं आलं आणि मिडल्सब्रो एका गुणाने सातवं. मिडल्सब्रोने दावा केला की डर्बीने खर्चाचे नियम मोडले, म्हणून आमचं प्लेऑफ, म्हणजे बढतीसाठीचे शेवटचे सामने, हुकलं, भरपाई द्या. बरोबर एक गुण, चर्चिल आणि काशीमध्ये होता तेवढाच. त्याच मोसमात लीड्सचा माणूस डर्बीचा सराव चोरून बघताना सापडला आणि लीड्सला २ लाख पौंड दंड झाला. पुढे मे महिन्यात डर्बीने लीड्सला त्यांच्याच मैदानावर हरवलं, तेव्हा डर्बीचे खेळाडू डोळ्यांवर हातांची दुर्बीण धरून नाचले. मँचेस्टर सिटीवरच्या नियमभंगाच्या ११५ आरोपांचं तर विचारूच नका. आमच्या कँटीनच्या मशीनमध्ये चॉकलेट १ पौंड १५ पेन्सला आहे. युनायटेडवाला एकजण रोज ते घेताना सिटीवाल्याला हाक मारून आकडा दाखवतो. रोज.

आणि मी राहते ते स्विंडन. इथल्या माणसाला तर हे सांगायलाच नको. १९९० च्या मे महिन्यात स्विंडन टाऊनने वेम्बलीवर सुंदरलँडला १-० ने हरवून पहिल्यांदाच सर्वोच्च विभागात जागा मिळवली. दहा दिवसांनी निकाल आला, की क्लबाने खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिले होते, तेव्हा बढती रद्द आणि दोन विभाग खाली. अपिलात शिक्षा कमी होऊन जुन्याच विभागात राहता आलं, पण वर गेलं ते अंतिम सामना हरलेलं सुंदरलँड. माझ्याबरोबर एक साठीचे गृहस्थ कामाला आहेत, फोर्कलिफ्ट चालवतात. त्या सामन्याचं तिकीट त्यांनी पाकिटात प्लास्टिकच्या आवरणात ठेवलंय. घडीवर शाई उडाली आहे, वेम्बलीतली मधली दोन अक्षरं दिसत नाहीत. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते मला हातात दिलं, आणि मी परत करेपर्यंत त्यांची नजर माझ्या बोटांवरून हलली नाही. सुंदरलँडवर अजून खटला भरायचा आहे, असं ते दर वर्षी मे महिन्यात म्हणतात. स्विंडनचे जुने वैरी ऑक्सफर्डवाले त्यांना हसतात. आणि शनिवारी तीनच्या सामन्याला ते स्विंडनच्या मैदानावर, काऊंटी ग्राउंडवर असतात. स्विंडन गेली काही वर्षं चौथ्या स्तरावर खेळतंय, तरी असतात. पाऊस असला तरी.

मला मामेभावाला हेच सांगायचं होतं आणि फोनवर नीट जमलं नाही. दावा लावण्यात लाज नाही. चार पिवळी कार्डं झाली की पुढचा सामना बाहेर, हा नियमही खेळच आहे, गोलपोस्टइतकाच. लाज आहे ती जानेवारीतल्या सामन्यापासूनचा वाद जुलैत मिटतो याची, आणि मधल्या काळात पोरांच्या हातात चषक देऊन त्यांची थट्टा केली याची. स्विंडनला निदान दहा दिवसांत कळलं आणि नवा मोसम सुरू व्हायच्या आत अपीलही संपलं. मिडल्सब्रोचा दावा मिटायला तीन वर्षं लागली, हो, पण तिथे कुणी चुकीच्या संघाला चषक दिला नव्हता.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. हसायचा अधिकार तिकीट काढणाऱ्याला आहे. तू शेवटचा म्हापशाच्या धुळेर मैदानावर कधी गेलास रे? गोवा प्रोफेशनल लीगचा एक तरी सामना या वर्षी पाहिलास? २०२५ च्या ऑक्टोबरात सौदीचा अल नस्र क्लब मडगावात फातोर्ड्याच्या मैदानावर आला तेव्हा रोनाल्डो दिसेल म्हणून अख्ख्या नातेवाइकांनी तिकिटांसाठी धावाधाव केली. रोनाल्डो आलाच नाही. एफसी गोवा १-२ असं हरलं, पण ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला, त्याबद्दल मला एकानेही सांगितलं नाही. रोनाल्डो न आल्याचं सगळ्यांनी सांगितलं.

आपण कोण होतो ते आपणच विसरलो. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात मोसम देशाची लीग गोव्यात आली. चारदा धेंपो, दोनदा चर्चिल, एकदा साळगावकर. २०११ मध्ये धेंपोने एअर इंडियावर १४ गोल मारले, त्यातले सहा रँटी मार्टिन्सचे. बाबांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातलं ते पान कापून ट्रकच्या टपाला आतून चिकटवलं. समीर नाईक आणि महेश गवळी बचावाला उभे असले की बाबा निवांत चणे खायचे. धुळेरच्या सिमेंटच्या पायऱ्या दुपारभर तापलेल्या असत, म्हणून वर्तमानपत्राची घडी घेऊन जायचं, अर्धी माझी, अर्धी त्यांची. सामना संपला की घामाने अक्षरं फ्रॉकवर उमटलेली असत आणि आई ओरडायची. मुलगी म्हणून मला कुणी कधी तिथे हटकलं नाही, हेही सांगायला हवं. ब्रह्मानंद शंखवाळकरांचा खेळ बाबांनी पाहिला होता. प्रत्येक गोलकीपरला ते त्याच मापाने मोजायचे आणि बहुतेक सगळे नापास व्हायचे. २०२२ मध्ये शंखवाळकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा ते ऐकायला बाबा नव्हते.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रक दारातल्या फणसाखाली उभा राहिला तो उभाच. पावसाळ्यानंतर टायर मातीत रुतले, टपाचं ते पान भिजून गळून पडलं. २०१६ मध्ये देशी फुटबॉलच्या नव्या आराखड्याच्या निषेधात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो २०२४ मध्ये परत आला, तेव्हा मी इथे स्विंडनच्या मॅजिक राउंडअबाउट चौकात बसमध्ये होते आणि मोबाईलवर ती बातमी वाचून एकटीच रडले.

कारण मधल्या काळात मी निघून आले होते. आजोबांचा जन्म, मग बाबांचा, मग माझा, या क्रमाने पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात नावं लागली. भारतीय पासपोर्ट परत केला. त्या दिवशी हात थरथरला नाही, कारण ट्रकचा हप्ता डोळ्यांसमोर होता. मतदार यादीतलं नाव गेलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आलं, पुढे इथे कायम राहायचा हक्क देणारं सेटल्ड स्टेटस. स्विंडनच्या मँचेस्टर रोडवर संध्याकाळी चाललं की चार पावलांवर कोंकणी ऐकू येते, म्हणून परक्या देशात असल्यासारखं फारसं वाटत नाही.

त्या दिवशी फोनवर मामेभावाला मी हे जमेल तसं ऐकवत सुटले, तेव्हा तो जे बोलला ते मला सहन झालं नाही. तो हसत हसत म्हणाला, "ताई, तूं इनएलिजिबल प्लेयर गो. तुजें रजिस्ट्रेशन लिस्बनाक. तू आमच्या बाजूने बोललीस तर काशीवाले आणखी तीन गुण नेतील." मागे त्याचे मित्र हसल्याचं ऐकू आलं. मी काही बोलले नाही. फोन काऊंटरवर ठेवला आणि भांडी घासायला घेतली. तो "हॅलो, हॅलो" करत होता.

त्याला वाटतं मी उपदेश करते. करते. पण मी त्याला विचारलं तेच मी मला विचारलं तर? धुळेरला मी शेवटची गेले २०१३ मध्ये, निघायच्या आधी, बाबांबरोबर. त्यानंतर चारदा गोव्यात आले, तीनदा डिसेंबरात, ऐन मोसमात. एकदाही मैदानावर गेले नाही. कधी लग्न होतं, कधी बँक, कधी आईचा दवाखाना. खरं कारण हे की बाबांशिवाय त्या पायरीवर बसायची हिंमत होत नव्हती. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्याकडे स्विंडनचा लाल शर्ट आहे आणि ऑक्सफर्डला चिडवायची सगळी गाणी तिला पाठ आहेत. धेंपो म्हणजे काय, असं तिने मागच्या महिन्यात विचारलं. मी सांगायला लागले ते खाणीपासून, आणि ती मध्येच झोपून गेली.

या डिसेंबरात येते आहे. मामेभावाला काल स्वतःहून फोन केला, त्या दिवसाबद्दल दोघांनीही काही काढलं नाही. धुळेरला त्या आठवड्यात कुणाचा सामना आहे ते बघून ठेव, तीन तिकिटं लागतील, तुझं, माझं आणि पोरीचं, एवढं सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पेपर तू आण, पायऱ्या अजून तापतात."