नवतपाचं ऊन आणि पंचवीस अंशांचं मेण

मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले आणि तो आकडा इथे जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या फोनवरही येऊन धडकला. सेन्सरमध्ये दोष होता, असं पुढे हवामान खात्यानंच सांगितलं. असं काही झालं की घरचा जुना वाद निघतोच. आपल्याकडे यंत्रं नाहीत, म्हणून एम.टेक.ची पोरं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून मोकळी होतात, खरं संशोधन करायचं तर बाहेर जा. उष्णता आणि पदार्थांच्या अभ्यासापुरतं तरी मला हे अजिबात पटत नाही.

खोली तापू नये म्हणून छतात बसवायच्या पीसीएमचंच घ्या. पीसीएम म्हणजे ठरावीक तापमानाला वितळताना भरपूर उष्णता पोटात घेणारा पदार्थ, बहुतेकदा पॅराफिन मेण. किलोमागे साधारण 200 किलोज्यूल. युरोपातल्या शोधनिबंधांत 22 ते 26 अंशांना वितळणारं मेण वापरतात. इथे ते बरोबरच आहे, कारण इथे उन्हाळ्यातही रात्र गार होते आणि मेण पुन्हा गोठतं. नागपुरात मे महिन्याच्या शेवटी रात्रीचा पारा 30 च्या आसपास अडकतो आणि स्लॅब त्याहून गरम असतो. तिथे पंचवीसचं मेण एकदा वितळलं की पावसाळ्यापर्यंत तेल होऊन पडून राहणार. सिम्युलेशनमध्ये मात्र ते दिमाखात काम करतं, कारण सुरुवातीला 'पदार्थ घन आहे' असं भरून फक्त एकच दिवस चालवलेला असतो. तेच नवतपाचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस सलग चालवा, दुसऱ्याच दिवशी आलेख सपाट होतो.

नागपूरच्या छतासाठी वितळणबिंदू रात्रीच्या किमान तापमानाच्या चार-सहा अंश वर हवा. ऑक्टाडेकेन 28 ला वितळतं, म्हणजे बाद. आयकोसेन 36-37 ला वितळतं, तिथून सुरुवात करता येईल. छतातून दर चौरस मीटरला सरासरी 60 वॅट आठ तास आत येतात असं धरलं, तर ती उष्णता सुमारे 1,730 किलोज्यूल होते. म्हणजे जवळजवळ नऊ किलो मेण, साधारण 11 मिलिमीटरचा थर. वितळताना मेण दहाएक टक्के फुगतं, म्हणून डबा काठोकाठ भरला की शिवण उसवते. ते पेट घेतं हेही प्रबंधात लिहायला हवं. आणि छतावर उष्णता वरून येते, त्यामुळे वितळलेलं मेण वरच तरंगतं आणि ढवळलं जात नाही. बाजूनं तापवलेल्या पेटीवर पडताळलेलं मॉडेल इथे तसंच्या तसं लावू नये. वितळणबिंदू मोजताना डीएससी यंत्रात (तापताना नमुना किती उष्णता घेतो याचा आलेख काढणारं यंत्र) दहाएक मिलिग्रॅम नमुना मिनिटाला 10 अंशांनी तापवला, तर आलेखातलं वितळण्याचं शिखर काही अंश पुढे सरकतं. छत इतक्या वेगानं तापत नाही, तेव्हा मिनिटाला एक अंश किंवा त्याहून हळू जावं.

आता मोजमाप. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्यांचा यंत्राच्या किमतीशी फारसा संबंध नाही. थर्मोकपल म्हणजे दोन धातूंच्या तारांच्या जोडानं तापमान मोजणारा सेन्सर. त्यातल्या के-टाइपला अचूकतेच्या दुसऱ्या वर्गात मुभाच अधिक-उणे 2.5 अंश असते. तसल्या तारा कॅलिब्रेट न करता, म्हणजे ठाऊक असलेल्या तापमानाशी ताडून न पाहता, 'छताखाली 2 अंशांचा फरक पडला' हा निष्कर्ष काढणं योग्य नाही. कॅलिब्रेशनला थर्मास पुरतो. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ बारीक कुटून त्याच पाण्यात भिजवा, पण तळापर्यंत बर्फ हवा. नुसतं पाणी तळाशी साचलं तर तिथलं तापमान 4 अंशांपर्यंत चढतं. दुसरा बिंदू उकळत्या पाण्याच्या वाफेचा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी 99 अंशांच्या आसपास उकळतं. पुस्तकातले 100 धरले की प्रत्येक वाचनात सुमारे एक टक्क्याची चूक कायमची बसते.

आणखी एक चूक वारंवार होते, ती तारेची. गच्चीवरच्या जोडपेटीपासून खोलीतल्या लॉगरपर्यंत, म्हणजे वाचनं नोंदवणाऱ्या यंत्रापर्यंत, थर्मोकपलच्या धातूंशी जुळणारी कॉम्पेन्सेटिंग केबल हवी. ती संपली म्हणून साधी तांब्याची तार जोडली जाते. पेटी सावलीत 44 अंशांवर आणि लॉगर एसीच्या खोलीत 26 वर असेल, तर वाचन त्या फरकाइतकं, म्हणजे 18 अंश, कमी येतं. स्लॅब 60 ला तापलेला असतो आणि पडद्यावर 42 दिसतात. नागपूरच्या मे महिन्यात 42 हा आकडा कुणालाही खटकत नाही, हेच घातक. 56 निदान ओरडून सांगतो की काहीतरी बिघडलंय.

जर्मनीत खरोखर चांगलं काय आहे? पीएच.डी. करणारा बहुतेकदा पगारावर असतो, विभागाच्या वर्कशॉपमध्ये हाताला वळण असलेला कारागीर असतो, आणि कच्चा डेटा सहसा दहा वर्षं जपून ठेवावा लागतो. पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागतो, त्यासाठी भांडायलाच हवं. तिसरीला फक्त निर्धार लागतो. उलट इथे 45 अंश हवे असतील तर क्लायमेट चेंबर दिवसरात्र विजेवर चालवावं लागतं. नागपुरात तेच तापमान गच्चीवर फुकट मिळतं.

पदार्थांचंही तसंच. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांचे बॉयलर नागपूरच्या उशाशी आहेत. क्रीपची, म्हणजे उष्णतेत सततच्या ताणाखाली धातू हळूहळू ताणला जाण्याची, चाचणी एक लाख तास चालवायची म्हणजे अकरा वर्षं, ते कुठल्याच विद्यार्थ्याला शक्य नाही. पण तितके तास भट्टीत काढून बदललेली नळी हा तयार नमुना असतो. छोट्या चकतीवर दाब देऊन धातूची ताकद तपासणाऱ्या स्मॉल पंच चाचणीला त्यातली 8 मिलिमीटर व्यासाची, अर्धा मिलिमीटर जाडीची चकती पुरते. विद्यापीठ आणि वीज केंद्र यांच्यात अशा नळ्यांसाठी कायमचा करार व्हायला हवा, दर वेळी ओळखीनं मागायची वेळ येऊ नये.

वेळापत्रकही बदलावं लागेल. आज एम.टेक.चा प्रकल्प दुसऱ्या वर्षी सुरू होतो आणि ऐन मे महिन्यात विद्यार्थी प्रबंधाची बाइंडिंग करत असतो. पहिल्या वर्षी डिसेंबरात सेन्सर कॅलिब्रेट करावेत, फेब्रुवारीपर्यंत चाचणीच्या दोन सारख्या पेट्या गच्चीवर बसवाव्यात, एक पीसीएमची आणि एक बिनपीसीएमची, आणि एप्रिल-मे पूर्ण मोजावं. मॉडेल दुसऱ्या वर्षी करावं, हातात स्वतःचे आकडे असताना. फसलेली वाचनंही परिशिष्टात द्यावीत, तार कुठली होती आणि जोडपेटी उन्हात होती की सावलीत, या नोंदीसकट.