‘दुय्यम दर्जा’ या आक्षेपाबद्दल

डॉक्टर, नमस्कार. गडचिरोलीच्या आरोग्यदूतांवरचा, म्हणजे नवजात बाळांवर घरीच उपचार करायला शिकवलेल्या गावातल्याच बायकांवरचा, माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की पाचवी-सातवी शिकलेल्या बायकांच्या हाती इंजेक्शन देणं हे नावीन्य नाही, गरिबांच्या माथी मारलेला दुय्यम दर्जा आहे. गावाला डॉक्टर द्या. गावाला डॉक्टर हवाच. पण बाळाला आज रात्री धाप लागली, तर त्याच्या उशाशी कोण असणार आहे?

न्यूमोनियाचंच घ्या. श्वास मिनिटाला किती हे मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60, त्याहून मोठ्याचे 50 झाले की धोका. गावातल्या दायांना तेवढं मोजताच येत नव्हतं. आपण ‘यांना नाही जमायचं’ म्हणून मोकळे झालो असतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या गडचिरोलीतल्या संस्थेने एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या ओळीत सहावा मणी लाल, मोठ्याच्या ओळीत पाचवा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजणं त्यांना येत होतं, शिकवणं तिथून सुरू झालं.

पुढे आरोग्यदूतांना जंतुसंसर्ग ओळखायला शिकवला तोही असाच. बाळ नीट रडत होतं, आता रडणं क्षीण झालंय. छान ओढत होतं, आता ओढत नाही. हातपाय लुळे पडलेत. अशी ठरवून दिलेली कुठलीही दोन लक्षणं एकदम दिसली की उपचार सुरू. आणि त्यांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. दर 15 दिवसांनी डॉक्टर गावात येऊन नोंदी तपासायचे, चुका दुरुस्त करायचे. 39 गावांतल्या या कामाचे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटला होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू 16.6 टक्क्यांवरून 2.8 वर आले. याला दुय्यम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुमचा राग मला पटतो तो वेगळ्या जागी. 2011 पासून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशांकडे आलं. त्यांच्या एका प्रशिक्षणाला मी गेले होते. हॉलमध्ये चाळीसेक जणी, पडद्यावर स्लाइडमागून स्लाइड, आणि सरावाला बाहुली एकच. जेवणाच्या सुट्टीत मागच्या रांगेतली एक आशाताई एकटीच ती बाहुली मांडीवर घेऊन बसली होती. दुपट्यात गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मी जवळ गेले तर चटकन उठून म्हणाली, “मॅडम, सकाळी माझा नंबरच नाही आला.”

यावर तुम्ही लिहा. मी तुमच्या बाजूने उभी राहीन.