ड्रसचा गुडघा

दुपारपासून डोकं फिरलंय. भाचा सुट्टीला आलाय, एकोणीस वर्षांचा. कपाटातली माझी डेव्हिड गेमेलची, त्या ब्रिटिश फँटसी कादंबरीकाराची, रांग बघून म्हणतो, "मामा, वेलँडर वाचायला घेतो. सगळे म्हणतात तेच भारी. लेजंड पहिलं ना त्याचं? कच्चं असणार." सगळे म्हणजे कोण रे? आंबा चोखायच्या आधी पेटीवरचं लेबल वाचत बसणारी पिढी!

गेमेलच्या पुस्तकांतलं माझं आवडतं कुठलं, हा आमच्या घरात प्रश्नच नाही. लेजंड. विषय संपला.

2011 ला मिरजेत बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ तपासणीला पाठवलेली, रिपोर्टला आठ-दहा दिवस लागणार होते. बाबा एसटीचे ड्रायव्हर, इंग्रजी पुस्तकाच्या वाटेला कधी गेले नाहीत. पिशवीत लेजंड होतं. म्हटलं, रात्री वाचतो आणि सकाळी तुम्हाला मराठीत सांगतो.

साठ वर्षांचा ड्रस, हातात स्नागा नावाची कुऱ्हाड. ड्रोस डेल्नॉखच्या किल्ल्यात जेमतेम 10 हजार माणसं आणि बाहेर नादिर टोळ्यांचं 5 लाखांचं सैन्य. बाबांना त्या आकड्यांचं काही वाटलं नाही. चाकणला फिरंगोजीनं तरी काय केलं, म्हणाले. पण ड्रसचा गुडघा दुखतो म्हटल्यावर उशीवरून मान वर झाली. "कुठला?" मी ठोकून दिलं, डावा. क्लच दाबून दाबून बाबांचाही डावाच गेलेला. तिथून पुढे रोज सकाळी पहिला प्रश्न, "म्हाताऱ्याचा गुडघा कसाय?" दुसरा, "कितवी भिंत पडली?" सलाईन लावायला आलेली सिस्टरसुद्धा विचारायला लागली.

त्या किल्ल्याला सहा भिंती आहेत. पहिलीच्या नावाचा अर्थ उल्हास, दुसरीचा निराशा, तिसरीचा नवी आशा, आणि सहावी गेडन, म्हणजे मृत्यू. मला तेव्हा ही नुसती नावं वाटलेली. नंतर कळलं की 1976 मध्ये गेमेलला कॅन्सर असल्याचं सांगितलं होतं आणि मन दुसरीकडे लावायला त्यानं हे लिहायला घेतलं. किल्ला म्हणजे तो स्वतः, नादिर म्हणजे दुखणं. किल्ला पडणार की टिकणार हे त्यानं रिपोर्टवर सोडलं होतं! निदान चुकीचं निघालं. पुस्तक छापून आलं 1984 ला. आणि हा म्हणतो कच्चं.

बरं, वेलँडर जास्त घट्ट विणलंय, मान्य. लेजंडमधलं रेक आणि विरेचं प्रेम पावसाळी छत्रीसारखं खटकन उघडतं, तेही मान्य. गेमेलची ट्रॉयच्या युद्धावरची तीन पुस्तकं तर कुणाही मोठ्या लेखकाच्या शेजारी ठेवा. त्यातलं तिसरं लिहीत असतानाच, 2006 च्या जुलैमध्ये, तो कॉम्प्युटरसमोरच वारला. पुस्तक बायकोनं, स्टेलानं, पुरं केलं. पण ती पुस्तकं मी घरी, पंख्याखाली, पाय पसरून वाचली. लेजंड वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर वाचलं, केसपेपरची घडी खुणेला घालून. ती अजून आत आहे, तिला फिनेलचा वास येतो.

एवढं चिडायचं खरं कारण वेगळंय. ते सांगायचं म्हणजे शेवट फोडावा लागणार. चाळीस वर्षं झाली पुस्तकाला, बोंबलू नका.

ड्रस मरतो. किल्ला लढवताना. आणि शत्रूच मानानं त्याची चिता रचतो. रात्री दोनला हे वाचलं आणि सकाळी बाबांसमोर उभा राहिलो. रिपोर्ट यायचाच होता. बाबांनी विचारलं, "मग? म्हातारा?" मी म्हटलं, "जिंकले. कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि गेला परत डोंगरात." बाबा बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, "गुडघ्याला शेक दे म्हणावं."

रिपोर्ट चांगला आला. बाबा आता एकोणऐंशीचे आहेत. अजूनही जिना चढताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, "त्या ड्रसचं बरं होतं, डोंगरात निवांत." पंधरा वर्षं मी मान डोलावतोय. ते फेसबुकवर नाहीत म्हणून इथं लिहितोय.

आत्ता आतल्या खोलीत भाचा पालथा पडून वाचतोय. रुसून का होईना, लेजंडच उचललंय. बाबा शेजारीच पेपर घेऊन बसलेत आणि मधूनमधून त्याला विचारतायत, "कितवी भिंत?"

तिसरी झालीय म्हणतो. जेवायच्या आधी गाठायला हवं कार्ट्याला.