टाउन्स व्हॅन झँट ऐकताना बाटली बाजूला ठेवा

अमेरिकन गायक-गीतकार टाउन्स व्हॅन झँटचा विषय निघाला की गाण्यांच्या आधी दारूच येते. टेक्सासमधलं तेलाच्या पैशातलं बडं घराणं (पूर्वजाच्या नावाने तिथे अख्खी एक काउंटी आहे), १९४४ चा जन्म. तरुणपणी मानसिक आजारावर इन्सुलिन शॉकचे उपचार झाले आणि त्यात बालपणीच्या बऱ्याचशा आठवणी पुसल्या गेल्या. मग दारू, हेरॉइन, आणि १ जानेवारी १९९७ ला ५२ व्या वर्षी मृत्यू. त्याचं दैवत म्हणजे कंट्री (अमेरिकेतलं गावाकडचं संगीत) गायक हँक विल्यम्स, तोही १ जानेवारीलाच गेला होता, १९५३ मध्ये. एवढा मसाला हाताशी असल्यावर चाहते कशाला थांबतायत! 'भोगलं म्हणून लिहिता आलं' हे ठरलेलं वाक्य येतंच.

मला हे अजिबात पटत नाही. १९६८ ते १९७२ या काळात या माणसाने सहा अल्बम केले आणि ज्या गाण्यांसाठी आपण त्याला ओळखतो त्यातली बहुतेक त्यातच आहेत. पुढचा स्टुडिओ अल्बम आला १९७८ मध्ये, त्याच्या पुढचा थेट १९८७ मध्ये. मधे रेकॉर्ड कंपनी बुडाली हे खरं, पण व्यसनाने गाणी दिली असती तर ती त्या नंतरच्या वर्षांत ढिगाने यायला हवी होती.

मग त्याच्यात आहे काय? माझ्या मते, न सांगण्याची ताकद. 'पांचो अँड लेफ्टी' घ्या. पांचो नावाचा दरोडेखोर मेक्सिकोच्या वाळवंटात मरतो. त्याच दिवशी त्याचा साथीदार लेफ्टी ओहायोला निघून जातो. जायला पैसे कुठून आले, कुणालाच ठाऊक नाही. बस्स. दगा दिला, फितूर झाला असा एक शब्द अख्ख्या गाण्यात नाही. पोलीस म्हणतात, आम्ही पांचोला कधीही पकडू शकलो असतो, दया आली म्हणून सोडला. आणि गाणारा म्हणतो, पांचोसाठी प्रार्थना करा, पण थोडी लेफ्टीसाठीही ठेवा, तो आता म्हातारा झालाय. फितुराबद्दल इतकं मऊ मन ठेवणारं दुसरं गाणं मला तरी माहीत नाही. विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड या गायकांनी १९८३ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. छान गायलंय, पण टाउन्सच्या तोंडून ऐकलं की वाटतं, हा लेफ्टीला ओळखतो.

'टेकम्सेह व्हॅली' तर त्याहून निर्दय. खाणकामगाराची मुलगी कॅरोलाइन कामाच्या शोधात येते, बारमध्ये राबते, घरी परतायला पैसे साठवते. तेवढ्यात बाप गेल्याची बातमी येते. पुढे तिचं जे होतं ते होतं, आणि शेवटी ती जिन्याखाली मेलेली सापडते. टाउन्सचा आवाज कुठेही चढत नाही. आपल्याला व्हायोलिन सुरू झालं की रुमाल काढायची सवय आहे. इथे ती सोय नाही, रडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

गंमत म्हणजे पहिल्या अल्बममध्ये निर्मात्यांनी याच गाण्यावर नको तेवढा साज चढवला होता. टाउन्सला ते रुचलं नाही आणि त्यातली काही गाणी त्याने पुढच्या अल्बमांत पुन्हा, साधेपणाने रेकॉर्ड केली. नुसत्या वेदनेवर जगणारा माणूस असल्या गोष्टींत डोकं घालत नाही. हे कारागिराचं लक्षण आहे.

आणि हो, माणूस विनोदी होता! ह्यूस्टनच्या 'ओल्ड क्वार्टर' नावाच्या छोट्याशा बारमध्ये जुलै १९७३ मध्ये झालेलं रेकॉर्डिंग १९७७ मध्ये डबल अल्बम म्हणून आलं. एकटा माणूस, एक गिटार, खच्चून भरलेली खोली. गाण्यांच्या मधे तो विनोद सांगतो, लोक हसतात आणि लगेच पुढचं काळंकुट्ट गाणं सुरू होतं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर इथूनच करा. तो पहिला, सजवलेला अल्बम सगळ्यात शेवटी ऐका. आणि 'वेटिन अराउंड टू डाय' हे गाणं रविवारी सकाळी लावू नका, घरचे विचारतील काय झालं म्हणून.