‘जंतूंच्या भरवशावर उद्योग उभे राहत नाहीत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या उद्योजकांच्या आणि बागायतदारांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. म्हणणं असं, की जैवतंत्रज्ञानावरचं उत्पादन, म्हणजे जंतूंकडून माल बनवून घेणं, हे प्रयोगशाळेतलं खूळ आहे, ते महाग पडतं, त्यात माणसाच्या तोंडचा घास जातो आणि ‘हरित’ हा नुसता शिक्का आहे. शेवटचा मुद्दा मला गंभीर वाटतो. पहिला मात्र नाशिककराने फॉरवर्ड करावा, याचं वाईट वाटतं.

खूळ? केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये अशा उत्पादनाला चालना देणारं ‘बायोई3’ धोरण मंजूर केलं म्हणून विषय नवा वाटतो, धंदा जुना आहे. शीतपेयांतलं सायट्रिक ॲसिड शंभर वर्षांपासून बुरशीकडूनच करून घेतात. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 सालची, तिथलं पेनिसिलिनही बुरशीचंच. आणि जानेवारी ते मार्चमध्ये दिंडोरीकडच्या एखाद्या वायनरीत डोकावून या. 22 ते 24 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) द्राक्षांचा रस स्टीलच्या टाकीत पडतो, त्यात यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करणारी सूक्ष्म बुरशी) सोडतात आणि टाकी आपोआप तापू लागते. व्हाइट वाइन असेल तर बाहेरच्या जॅकेटमधून थंडावा देऊन तापमान 15 अंशांच्या आसपास धरून ठेवायचं. रेडमध्ये वायूच्या जोराने साली वर येऊन जाड थर बसतो, तो भिजता राहावा म्हणून खालचा रस पंपाने पुन्हा वरून सोडायचा. जरा दुर्लक्ष झालं की यीस्ट मध्येच थांबतं आणि अख्खी टाकी अडकते. औषधाच्या कारखान्यातल्या फर्मेंटरवरही (जंतू वाढवायच्या टाकीवरही) हीच कसरत चालते, फक्त जास्त काटेकोर. गुळाच्या पाण्यात ट्रायकोडर्मा ही पिकाला उपयोगी बुरशी वाढवून ड्रीपने सोडणारा निफाडचा बागायतदारही याच कामात आहे.

महाग पडतं, हे वस्तूवर ठरतं. इन्सुलिन पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावं लागे. 1982 मध्ये जीवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि कत्तलखान्यावरची भिस्त सुटली. कपड्यांच्या पावडरीत चिमूटभर एन्झाइम असलं की थंड पाण्यातही डाग निघतो, पाणी तापवायची वीज वाचते. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासूनचं प्लास्टिक मात्र साध्या प्लास्टिकपेक्षा अजून महागच आहे. गुंतागुंतीचा रेणू हवा असेल तिथे जंतू बाजी मारतात, स्वस्त ढोबळ मालात अजून नाही.

तोंडचा घास हा मुद्दा अर्धा खरा. साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल केलं तर कुणाचं ताट रिकामं होत नाही. उसाचा रस थेट वळवला की साखर घटते, म्हणून तर डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने त्यावर निर्बंध आणले होते. मका इथेनॉलकडे वळला की शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, पण पोल्ट्रीवाल्याचं खाद्य महागतं. म्हणून आधी टाकाऊ माल वापरा. वायनरीच्या चोथ्यातल्या बियांचं तेल निघतं, टाकीच्या तळाशी बसलेल्या गाळातून टार्टारिक ॲसिड. जिल्ह्यात चोथा ढिगाने निघतो. तो गोळा करून प्रक्रियेला पाठवण्याची सोय लावणं हे कारखान्यांसाठीच्या कुठल्याही नव्या भूखंडापेक्षा निकडीचं आहे.

आता ‘हरित शिक्का’. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीत एक लिटर इथेनॉलमागे साधारण 8 ते 15 लिटर काळंकुट्ट सांडपाणी निघतं. नदीत गेलं तर ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि मासे मरतात. जैव कारखान्याची घाणही विषारी ठरते, हे मेसेजवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण याच सांडपाण्यातून जीवाणू बायोगॅस काढून देतात, उरलेलं आटवून बॉयलरमध्ये जाळता येतं आणि एक थेंबही बाहेर जाऊ न देणारी यंत्रणा मिळते. ती महाग आहे, म्हणूनच ती टाळायचा मोह होतो. गोदावरीच्या खोऱ्यात असा प्रकल्प येत असेल तर जनसुनावणीला जा आणि या यंत्रणेचा आराखडा, ती चालवायचा खर्च आणि पाण्याचा हिशोब मागा. तो मिळाला नाही तर विरोधात मीही तुमच्या सोबत उभा राहीन.