न लावलेल्या प्लेटचा आकडा

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया झोंबली, कारण तिचा अर्धा भाग बरोबर आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत अन्नातून होणारे संसर्ग वाढल्याचा मी दिलेला आलेख फसवा आहे, तिथे चाचण्या बदलल्या म्हणून आकडे फुगले. आणि आपल्याकडे कॅम्पिलोबॅक्टर (जुलाब करणारा एक जंतू) वगैरे दिसतच नाही, तेव्हा ताजं, गरम खाणाऱ्यांना ही मोजदादीची हौस कशाला? शिवाय तुम्ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्य काढलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चूक कबूल. पूर्वी शौचाचा नमुना प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या तबकडीवर लावून दोन-तीन दिवस वाट बघावी लागे. मग पीसीआरची पॅनेल आली. एकाच नमुन्यातून अनेक जंतूंचा डीएनए काही तासांत कळतो. डॉक्टरने ज्याची चाचणी कधी सांगितलीच नसती, तो जंतूही सापडायला लागला. आलेखाखाली हे लिहायला हवं होतं. आता लिहिलंय.

पण हा आक्षेप सगळ्यात आधी घेतला तो मोजणाऱ्यांनीच. १९९३ मध्ये अमेरिकेत 'जॅक इन द बॉक्स' या हॉटेलसाखळीच्या कच्च्या राहिलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ हा घातक जंतू पसरला, सातशेच्या वर लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. त्यानंतर १९९६ मध्ये फूडनेटची, म्हणजे अन्नातून होणाऱ्या संसर्गांवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी जाळ्याची मोजणी सुरू झाली. आता त्यात दहा राज्यांतला भाग, देशाची साधारण १५ टक्के लोकसंख्या. लॅबने कळवावं म्हणून ही माणसं बसून राहत नाहीत, स्वतः लॅबच्या मागे लागतात. कोणती चाचणी वापरता, कधी बदललीत, हेही विचारतात. सामान्य लोकांना फोन करून विचारलं गेलं की जुलाब झाले होते का, डॉक्टरकडे गेलात का, नमुना दिलात का. अशा माहितीवरूनच हिशेब निघाला की साल्मोनेलाचा एक रुग्ण नोंदला जातो तेव्हा प्रत्यक्षात सुमारे २९ असतात.

चाचणी बदलली तरी न हलणारी एक खूणही त्यांनी धरून ठेवली आहे. या ई. कोलायमुळे काही लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होतात. असं मूल इस्पितळात येतंच, लॅबमध्ये काहीही वापरत असोत. म्हणून त्या मुलांची नोंद वेगळी ठेवतात.

खरं तर फुगलेल्या आकड्यापेक्षा पीसीआरची दुसरी बाजू मला जास्त सतावते. तिथे जंतू जिवंत हाती लागत नाही. प्लेटवर वाढलेल्या जंतूचा जनुकक्रम काढला, तर दोन राज्यांतले दोन रुग्ण एकाच मालामुळे आजारी पडलेत का, हे पल्सनेटच्या, म्हणजे जंतूंचे जनुकक्रम जुळवून पाहणाऱ्या लॅबच्या जाळ्यात पकडता येतं. म्हणून पीसीआर पॉझिटिव्ह आल्यावर तोच नमुना पुन्हा प्लेटवर लावण्याची धडपड चालते. तुमची जुनी प्लेट अजून निवृत्त झालेली नाही!

आता दुसरा अर्धा भाग. कॅम्पिलोबॅक्टरला ४२ अंश तापमान, कमी ऑक्सिजन आणि वेगळं माध्यम लागतं. नेहमीच्या मॅककॉन्की माध्यमावर, ३७ अंशाला, उघड्या हवेत तो उगवत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. गरम खाण्याचं म्हणाल तर चिकन रटरटून शिजतं, पण ते ज्या विळीवर चिरलं, त्याच विळीवर नंतर काकडी चिरली जाते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गियाँ-बारे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक यायला लागले. यात नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात, आणि कधी कधी तो कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतर होतो. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. संशय पाण्यावर गेला. साथ लक्षात आली ती जुलाबांवरून नाही, हातपाय लुळे पडल्यावर. आपली आयडीएसपी, म्हणजे रोगांच्या साथींवर नजर ठेवणारी सरकारी योजना, २००४ पासून आहे. आरोग्यसेविका लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि लॅब तपासणीवरून कळवते, आणि साथ पकडायला ती उपयोगी पडते. पण जी प्लेट लावलीच नाही, तिचा आकडा तिथे कुठून येणार? चाचण्या वाढल्या की आकडे फुगतात, हे तुम्हीच म्हणता. मग चाचणीच नसली की ते शून्य दिसतात, हेही मान्य करा.

जुलै २०२५ पासून फूडनेटने सक्तीची नोंद आठ जंतूंवरून दोनवर आणली आहे: साल्मोनेला आणि शिगा नावाचं विष बनवणारा ई. कोलाय (ओ१५७ त्यातलाच). कॅम्पिलोबॅक्टर ऐच्छिक झाला. उद्या तिथल्या आकड्यांत तो घटलेला दिसला, तर तुमचीच प्रतिक्रिया मी त्या आलेखाखाली चिकटवणार आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमच्या लॅबमध्ये ४२ अंशाचा इन्क्युबेटर होता का?